प्रबंधाची संदर्भसूची: शैली कुणाची, घडवायची कशी

वि. का. राजवाडे यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'मधल्या एखाद्या पत्राचा हवाला देताना इतिहासाचा अभ्यासक नुसता पृष्ठांक देऊन थांबत नाही. खंड आणि लेखांक देतो. 'ज्ञानेश्वरी'चा हवाला अध्याय आणि ओवीने द्यायचा असतो, तुकारामांच्या गाथेचा अभंगाच्या क्रमांकाने, आणि दिवाळी अंकातल्या लेखाचा अंकाच्या नावाने व वर्षाने. हे सगळे संदर्भ एकाच प्रबंधात शेजारी शेजारी येतात. विद्यापीठाच्या नियमांत मात्र अनेकदा एवढेच असते की संदर्भ एपीए किंवा एमएलए पद्धतीने द्यावेत. त्या एका ओळीत आणि समोरच्या साधनांत जे अंतर उरते ते संशोधक स्वतः भरून काढतो, तेही सबमिशनच्या आधीच्या आठवड्यांत, डीटीपी करणाऱ्याच्या शेजारी बसून, एकेक स्वल्पविराम हाताने हलवत. सूचीत एक ग्रंथ वाढला की पुढचे सगळे क्रमांक सरकतात. मार्गदर्शकांनी शैली बदलायला सांगितली की तीनशे नोंदी पुन्हा पहिल्यापासून तपासाव्या लागतात.

हे श्रम वाचवणारी साधने चाळीस वर्षांपासून उपलब्ध आहेत आणि गेल्या पंधरा-वीस वर्षांत ती देवनागरीलाही पुरेशी पोचली आहेत. तरीही मराठी प्रबंधांत ती कमी दिसतात. त्याचे एक कारण साधनांच्या ओळखीचा अभाव हे आहे. दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते: मराठी साधनांचे संदर्भ कसे द्यायचे याचे निर्णयच आपण नीट घेतलेले नाहीत, आणि जे ठरलेले नाही ते संगणकाला सांगता येत नाही.

आधी शैली कुठून आल्या ते पाहू. मजकुरात कंस करून त्यात लेखकाचे आडनाव आणि वर्ष द्यायचे, या पद्धतीला हार्वर्डचे नाव चिकटले आहे. तिचा उगम तिथले प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्स मार्क यांच्या १८८१च्या एका निबंधात दाखवतात. शिकागो विद्यापीठाच्या मुद्रणालयाची नियमपुस्तिका १९०६मध्ये निघाली. त्याच विद्यापीठात प्रबंधांचे काम पाहणाऱ्या केट टुराबियन यांनी १९३७मध्ये विद्यार्थ्यांसाठी एक छोटी पुस्तिका तयार केली, तिच्या आवृत्त्या अजून निघतात. एपीएची सुरुवात १९२९मध्ये 'सायकॉलॉजिकल बुलेटिन'मधल्या सात पानांच्या लेखाने झाली. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांनी १९७८मध्ये व्हँकुव्हरला बसून क्रमांकांची पद्धत ठरवली. यातली प्रत्येक शैली एका विशिष्ट ज्ञानशाखेच्या साधनांसाठी बेतलेली आहे. मानसशास्त्रज्ञाला वर्ष आधी दिसायला हवे, कारण दहा वर्षांपूर्वीचा प्रयोग जुना झालेला असतो. वैद्यकाच्या लेखात एका वाक्याला सहा आधार लागतात, म्हणून तिथे क्रमांक सोयीचे. इतिहासकाराला तळटीप हवी, कारण त्याला साधनाबद्दल दोन शब्द बोलायचे असतात. लेखांक, ओवी, लीळा किंवा शके यांचा विचार यांपैकी कुणी करण्याचे कारणच नव्हते.

शिवाय या शैली स्थिर नाहीत. एपीएच्या २०१९च्या सातव्या आवृत्तीने प्रकाशनस्थळ काढून टाकले. एमएलएने २०१६मध्येच बहुतेक नव्या पुस्तकांसाठी ते सोडले होते, आणि शिकागोच्या २०२४च्या अठराव्या आवृत्तीलाही ते आवश्यक वाटत नाही. न्यूयॉर्क-लंडनच्या मोठ्या प्रकाशनसंस्थांपुरते हे ठीक आहे. एकोणिसाव्या शतकातले मराठी पुस्तक कोणत्या गावच्या छापखान्यात छापले हे मात्र अभ्यासाच्या दृष्टीने मोलाचे असते. पुणे, मुंबई, रत्नागिरी, बडोदे, कोल्हापूर इथल्या छापखान्यांचा इतिहास त्या एका शब्दात असतो. मराठी साहित्याच्या किंवा इतिहासाच्या प्रबंधात मी प्रकाशनस्थळ ठेवावे असेच म्हणेन, भले पायाला एपीए घेतली असली तरी. प्रचलित शैली पायाला घ्यायची आणि आपल्या साधनांना लागतील तेवढे बदल तिच्यात सकारण, सर्वत्र सारखे करायचे, यालाच मी शैली घडवणे म्हणतो.

आता साधने. डोनाल्ड क्नूथ यांची 'टेक' ही अक्षरजुळणीची प्रणाली १९७८ची, आणि तिच्यावर लेस्ली लॅम्पोर्ट यांनी उभे केलेले 'लाटेक' ऐंशीच्या दशकाच्या मध्यावरचे. लाटेकच्या जोडीला ओरेन पाताश्निक यांनी १९८५मध्ये 'बिबटेक' दिले. त्यामागची कल्पना ब्रायन रीड यांच्या 'स्क्राइब' या प्रणालीतून आलेली. ती अशी, की संदर्भांचा साठा एका फाइलीत राहावा, शैली दुसऱ्या फाइलीत, आणि मजकुरात फक्त एक खूणनाव लिहावे. सूची, तिचा क्रम, कंसातले आडनाव-वर्ष हे सगळे संगणक जुळवील. शैलीची फाइल बदलली की तोच साठा नव्या वेषात छापला जातो. पुढची सगळी साधने याच विभागणीवर उभी आहेत.

बिबटेकची अडचण शैलीच्या फाइलीत होती. ती लिहायला पाताश्निक यांनी एक छोटी स्टॅक-भाषा रचली, तीत आधी माल रचून ठेवायचा आणि मग क्रिया सांगायची. लेखकाचे नाव छापण्याचा साचा त्यात चार अक्षरांच्या खुणांनी लिहितात: एफ म्हणजे पहिले नाव, व्ही म्हणजे 'व्हॉन' किंवा 'द' यांसारखा उपसर्ग, एल म्हणजे आडनाव, जे म्हणजे 'ज्युनिअर'. एफ दोनदा लिहिला तर पूर्ण नाव छापले जाते, एकदा लिहिला तर आद्याक्षर. एका अक्षराने सगळ्या सूचीचे रूप पालटते, पण ते अक्षर हजारभर ओळींत कुठे आहे हे शोधायचे कसे, हा प्रश्न. पॅट्रिक डेली यांनी त्यावर एक उपाय काढला. त्यांचा कार्यक्रम एकेक प्रश्न विचारत जातो, आडनाव आधी हवे का, वर्ष कंसात हवे का, खंडाचा आकडा ठळक हवा का, आणि उत्तरांवरून शैलीची फाइल तयार करून देतो. विज्ञानशाखांतल्या कित्येक प्रबंधांची शैली अशीच घडलेली आहे. बिबटेक मात्र आठ बिटांच्या काळातले. देवनागरीतले 'विष्णू' त्याच्यापुढे अक्षरांऐवजी बाइटांची माळ म्हणून येते, आणि आद्याक्षर काढायला गेले की पहिला बाइट तेवढा हाती लागतो. मराठी प्रबंधासाठी बिबटेकच्या वाटेला जाऊ नये, हे इथेच स्पष्ट सांगतो.

फिलिप लेहमन यांच्या 'बिबलाटेक'ने चित्र बदलले. २००६पासून ते विकसित होत गेले, २०१०मध्ये त्याची पहिली पूर्ण आवृत्ती आली आणि पुढे इतर स्वयंसेवकांनी ते सांभाळले. त्याच्या जोडीचा 'बीबर' हा कार्यक्रम फ्रांस्वा शारेट आणि फिलिप काइम यांचा. तो युनिकोड पूर्णपणे जाणतो. बिबलाटेकमध्ये शैली लाटेकच्याच आज्ञांनी लिहिली जाते, म्हणून बदल प्रबंधाच्या फाइलीच्या सुरुवातीलाच, दोन-चार ओळींत करता येतात. दुसरी भाषा शिकावी लागत नाही. जोनाथन क्यू यांचे झीटेक २००४पासून संगणकावरचे कोणतेही युनिकोड फाँट लाटेकमध्ये आणते, त्यामुळे आयआयटी मुंबईने तयार केलेल्या 'शोभिका'सारखा फाँट थेट वापरता येतो.

तिसरी वाट वर्डमध्ये लिहिणाऱ्यांची, आणि मराठी संशोधकांत तेच अधिक. अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठाच्या केंद्राने २००६मध्ये 'झोटेरो' हे मोफत साधन आणले. शैलींसाठी झोटेरो ब्रूस डार्कस यांनी सुरू केलेली 'सीएसएल' ही खुली भाषा वापरते. तिच्या सार्वजनिक भांडारात आज दहा हजारांहून अधिक शैली आहेत. त्यातल्या बहुतेक दुसऱ्या एखाद्या मूळ शैलीकडे बोट दाखवणाऱ्या आहेत, म्हणजे खऱ्या वेगळ्या शैली त्या मानाने थोड्या. सीएसएलची फाइल साध्या मजकुराची असते, आणि नोंद कशी दिसायला हवी ते दाखवून जवळची शैली शोधून देणारा दृश्य संपादकही आहे.

बिबलाटेकमधला बदल प्रत्यक्षात कसा असतो ते एका नोंदीवर दाखवतो. समजा, मासिकातल्या लेखाची नोंद आहे. बिबलाटेकच्या मूळ शैली मासिकाच्या नावाआधी 'इन' हा शब्द अपूर्णविराम देऊन छापतात. जवळजवळ प्रत्येकाला तो नकोसा असतो. तो छापणारा एक छोटा मॅक्रो असतो. तो रिकामा करण्याची एक ओळ लिहिली की सगळ्या सूचीतून शब्द जातो. लेखाचे शीर्षक दुहेरी अवतरणात येते, मराठी छपाईत एकेरी बरे दिसते. शीर्षक या क्षेत्राचा साचा बदलण्याची आणखी एक ओळ. लेखकाचे आडनाव आधी आणि नाव नंतर, तेही सगळ्या लेखकांचे. नावांच्या क्रमाला दुसरे टोपणनाव देणारी तिसरी ओळ. एकाच लेखकाची पुढची नोंद आली की नावाऐवजी लांब रेघ येते. ती नको असेल तर पर्यायांत एक शब्द पुरतो. आयएसबीएन आणि डीओआय दडवायचे असतील तर आणखी दोन शब्द. एवढ्या सहा-सात ओळींत सूचीचे रूप बहुतेकांना हवे तसे होते. साठ्याला हात लागलेला नसतो, म्हणून मार्गदर्शकांचे मत पुन्हा बदलले तरी धास्ती नाही.

मराठी साधनांसाठीही यात जागा निघतात, आणि त्या कुठे आहेत हे कळले की अर्धी लढाई जिंकली. बिबलाटेक हवाल्यातल्या आकड्यामागे आपोआप 'पृ.' लावते. लेखांकासाठी तसे चालणार नाही. पण प्रत्येक नोंदीला 'पृष्ठांकन' नावाचे एक क्षेत्र असते. पान, स्तंभ, ओळ, श्लोक यांपैकी काय मोजले आहे ते तिथे सांगता येते, आणि यादीत नसलेला प्रकार स्वतः ठरवून त्याचा छापील शब्द देता येतो. राजवाड्यांच्या खंडांच्या नोंदीत तिथे 'लेखांक' म्हणून घातले, की मजकुरात नुसता आकडा लिहायचा. छापताना त्याच्यामागे 'लेखांक' येतो, दुसऱ्या ग्रंथाला 'पृ.' येतो. गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात संपादित केलेल्या पेशवे दफ्तराच्या ४५ खंडांनाही हीच युक्ती लागू पडते. अशा वारंवार येणाऱ्या साधनांना 'लघुसंज्ञा' देता येते. मग मजकुरात 'पे. द.' एवढेच छापले जाते, आणि प्रबंधाच्या सुरुवातीला संक्षेपसूची वेगळी काढून मिळते. गाथेच्या बाबतीत तर लघुसंज्ञा मी अनिवार्य मानतो. अभंगाचा क्रमांक आवृत्तीनुसार बदलतो, म्हणून कोणती गाथा हे सांगितल्याशिवाय नुसता क्रमांक वाचकाला कुठेच पोचवत नाही.

दिवाळी अंकाचेही असेच. त्याला वर्ष-अंकाचा आकडा असो वा नसो, त्याची ओळख 'दिवाळी' या शब्दात असते. बिबलाटेकमध्ये अंकाच्या आकड्याचे क्षेत्र वेगळे आणि अंकाच्या नावाचे वेगळे ठेवले आहे. पाश्चात्त्य नियतकालिकांच्या वसंत किंवा ग्रीष्म अंकांसाठी केलेली ती सोय आपल्या दिवाळी अंकाला चपखल बसते. दुर्दैवाने पुष्कळ सूच्यांमध्ये 'दिवाळी' हा शब्द मासिकाच्या नावालाच जोडलेला दिसतो, आणि मग एकच मासिक सूचीत दोन नावांनी वावरते.

खरा कस लागतो तो नावांवर. पाश्चात्त्य साधनांना नावात मुख्यतः दोन भाग ठाऊक आहेत, पहिले नाव आणि आडनाव. आपल्याकडे मधे वडिलांचे किंवा पतीचे नाव असते, आद्याक्षरे जोडीने येतात, आणि आद्याक्षर हे अनेकदा जोडाक्षर असते. त्र्यंबक शंकर शेजवलकर हे मराठीत 'त्र्यं. शं. शेजवलकर' असतात. कार्यक्रमाला पूर्ण नाव देऊन आद्याक्षर काढायला सांगितले तर तो पहिले अक्षर तोडताना 'त्' अशा हलन्त तुकड्यावर थांबू शकतो. 'श्री. व्यं. केतकर' यांतले 'श्री.' हे श्रीधरचे आद्याक्षर आहे हे माणसालाही सांगावे लागते, नाहीतर सूची नीट करणारा एखादा उत्साही हात ते आदरार्थी समजून खोडतो. माझा सल्ला साधा आहे. मराठी लेखकांची आद्याक्षरे संगणकाला काढू देऊ नयेत. ग्रंथाच्या मुखपृष्ठावर जशी असतील तशी साठ्यातच लिहावीत आणि आद्याक्षरे करण्याचा पर्याय बंद ठेवावा. डॉ., प्रा., कै. ही बिरुदे साठ्यात येऊच नयेत.

टोपणनावांचा निर्णय आधी घ्यावा लागतो. कुसुमाग्रजांच्या कविता आणि वि. वा. शिरवाडकरांची नाटके एकाच प्रबंधात आली, तर दोन नोंदी दोन ठिकाणी ठेवायच्या की एकाखाली? मी म्हणेन, ग्रंथावर जे नाव छापले आहे त्याखालीच नोंद ठेवावी आणि दुसऱ्या नावाखाली 'पाहा' अशी दिशादर्शक ओळ द्यावी. वाचक ग्रंथालयात तेच छापील नाव घेऊन जाणार आहे. 'ग्रेस' हे माणिक गोडघाटे आहेत हे त्याला कळावे, पण कपाटात त्याला 'ग्रेस'च सापडायला हवेत.

एकाच घरातली तीन पिढ्यांची विद्वत्ता शैलीपुढे कसा पेच टाकते त्याचे उदाहरण कोसंबींचे. धर्मानंद कोसंबी, त्यांचे पुत्र दामोदर धर्मानंद कोसंबी आणि नात मीरा कोसंबी, तिघांचेही ग्रंथ एका प्रबंधात येऊ शकतात. मजकुरात '(कोसंबी, १९५६)' एवढे छापले तर ते दा. ध. कोसंबींचे भारतीय इतिहासाच्या अभ्यासावरचे इंग्रजी पुस्तक आहे, हे जाणकारच ओळखील. बिबलाटेक आणि सीएसएल दोन्हींत अशा वेळी आद्याक्षर आपोआप जोडण्याची सोय आहे. तिघांची नावे साठ्यात नीट वेगळी लिहिली असतील तरच ती चालते. एकाच माणसाचे नाव दोन तऱ्हांनी लिहिले असेल तर मात्र संगणक त्याला दोन माणसे समजून नको तिथे आद्याक्षरे लावत सुटतो.

गोव्यातली नावे आणखी एक पदर उलगडतात. 'द ओरिजिन ऑफ बॉम्बे' हा १९००चा ग्रंथ लिहिणारे जोसे जेर्सन द कुन्हा यांचे नाव 'द'खाली लावायचे की 'कुन्हा'खाली? युरोपीय लिपीत उपसर्ग लहान अक्षराने सुरू होतो, त्यावरून बिबटेकला तो ओळखता येत असे. देवनागरीत लहान-मोठी अक्षरे नाहीत. म्हणून उपसर्ग वेगळा आहे हे साठ्यात स्पष्ट नोंदवावे लागते, आणि त्याने क्रम ठरवायचा की नाही हे एका पर्यायाने सांगता येते. संस्थांच्या नावांची गोष्ट वेगळी. 'महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ' हे एकसंध नाव आहे, त्याचे आडनाव 'मंडळ' नव्हे. लाटेकच्या साठ्यात असे नाव दुहेरी महिरपी कंसात घालतात, झोटेरोत नावाचा एकच खाना निवडतात. आणि दोन लेखक असले तर त्यांच्यामध्ये साठ्यात इंग्रजी 'अँड'च लिहावे लागते. 'आणि' किंवा 'व' लिहिले तर दोन्ही माणसे मिळून एकच नाव होते. छापताना 'आणि' हा शब्द भाषाफाइल पुरवते. बिबलाटेकच्या मूळ संचात मराठीची भाषाफाइल आता आहे, आणि तिच्यातले संक्षेप आपल्या पसंतीने बदलता येतात. 'संपा.' हवे की 'सं.', 'तत्रैव' छापायचे की नाही, हे एकदाच ठरवावे.

क्रमवारीचा प्रश्न वाचकाच्या नजरेत लगेच भरतो. युनिकोडच्या संकेतांकांनुसार नुसते रचले तर हलन्ताचे चिन्ह सगळ्या स्वरचिन्हांनंतर येते. म्हणून क्षीरसागर हे नाव 'कौ'ने सुरू होणाऱ्या नावांनंतर आणि खरे यांच्या आधी बसते. मराठी वाचक ते सूचीच्या अखेरीस शोधतो. 'ळ'चा संकेतांक 'ल'ला लागून आहे, त्यामुळे काळे हे कावळ्यांच्या आधी येतात. आपल्या वर्णमालेत 'ळ' 'ह'च्या पुढे आहे. बीबरला मराठी क्रम सांगणारा एक पर्याय आहे. तो दिला की ह, ळ, क्ष, ज्ञ हा आपला क्रम पाळला जातो. कोकणीसाठीही असा स्वतंत्र क्रम उपलब्ध आहे. लाटेकची वाट धरण्याचे हे एक मोठे कारण आहे.

क्रमापेक्षा छुपी गडबड दिसायला सारख्या अक्षरांची. 'वऱ्हाड'मधला अर्धा 'र' दोन रीतींनी टंकता येतो: नुक्ता असलेल्या 'ऱ'ने, किंवा साध्या 'र'ला हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह लावून. कागदावर दोन्ही हुबेहूब. संगणकाला दोन्ही वेगळे. 'ॲ' हे अक्षरही एका संकेतांकाने किंवा 'अ' आणि चंद्र मिळून लिहिले जाते. साठ्यात एकच लेखक किंवा एकच ग्रंथ या दोन रूपांनी शिरला तर सूचीत तो दोनदा छापला जातो आणि कारण काही केल्या सापडत नाही. साठा तयार झाला की शोध-बदल करून सगळीकडे एकच रूप आणावे. झोटेरोने परदेशी ग्रंथालयांच्या तालिकांतून नोंदी ओढल्या तर आणखी एक गुंता होतो. अमेरिकी काँग्रेस ग्रंथालयाच्या रोमन लेखनपद्धतीत राजवाड्यांचे नाव 'राजवाडे, विश्वनाथ काशीनाथ' असे प्रत्येक अन्त्य 'अ'चा उच्चार दाखवून, खुणा लावून येते. ते तसेच ठेवले तर मराठी सूचीत राजवाडे एकदा देवनागरीत आणि एकदा रोमनमध्ये दिसतात. ओढलेली प्रत्येक नोंद ग्रंथ हातात घेऊन देवनागरीत पुन्हा लिहावी लागते. हे काम कुठलेही साधन करून देत नाही.

वर्षाचेही तसेच. जुन्या मराठी पुस्तकांवर शके छापलेले असते. शकात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो. शकाच्या शेवटच्या तीनेक महिन्यांसाठी ७९ मिळवावे लागतात. शके १८३२ म्हणजे १९१० किंवा १९११. साठ्यातले तारखेचे क्षेत्र क्रमासाठी वापरले जाते, म्हणून तिथे इसवी सनच हवा आणि तोही आंतरराष्ट्रीय अंकांत; देवनागरी अंक तिथे वाचलेच जात नाहीत. देवनागरी अंक छापण्याचे काम फाँटकडे किंवा भाषेच्या संचाकडे सोपवावे. मुखपृष्ठावरचा शक टाकून द्यायचा नाही. बिबलाटेकमध्ये वापरकर्त्यासाठी मोकळी ठेवलेली क्षेत्रे आहेत. त्यातल्या एकात 'शके १८३२' लिहून वर्षानंतर कंसात छापून घेता येते. इतिहासाच्या प्रबंधात ते असलेच पाहिजे. पुढचा संशोधक मूळ प्रत ओळखतो ती त्या आकड्यावरून.

प्रबंध मराठी असला तरी सूची बहुभाषी असते, आणि इथे वर्ड-झोटेरोची वाट अरुंद होते. सीएसएल मुळात एका दस्तऐवजाची एकच सूची काढते. मराठी ग्रंथ, इंग्रजी ग्रंथ, अप्रकाशित साधने, नियतकालिके असे आपले नेहमीचे विभाग हाताने पाडावे लागतात. इंग्रजी नोंदीत 'व इतर' किंवा मराठी नोंदीत 'एट अल' येण्याचा घोळही होतो, कारण शब्द दस्तऐवजाच्या भाषेवरून घेतले जातात. फ्रँक बेनेट यांनी झोटेरोवर आधारित 'ज्युरिस-एम' काढले ते बहुभाषी संदर्भांच्या याच गरजेतून. बिबलाटेकमध्ये प्रत्येक नोंदीला भाषा सांगता येते आणि हवे तितके विभाग गाळून काढता येतात. सूची एकत्रच ठेवली तर रोमन लिपी आधी लागते. मराठी आधी हवे असेल तर नोंदींना क्रमपूर्व खूण द्यावी लागते.

म्हणून मराठी, इतिहास, संस्कृत किंवा संतसाहित्य यांवरच्या प्रबंधासाठी मी बिबलाटेकची शिफारस करीन, शिकायला महिना गेला तरी. समाजशास्त्र, शिक्षणशास्त्र, व्यवस्थापन अशा विषयांत, जिथे सूची मुख्यतः इंग्रजी लेखांची असते, तिथे वर्ड आणि झोटेरो पुरेसे आहे. श्रीलिपी किंवा आकृतीच्या जुन्या फाँटांत प्रबंध टंकून घेणे मात्र कोणत्याही विषयात टाळावे. त्या मजकुराची पीडीएफ शोधायला गेले तर हाती रोमन अक्षरांचा चिखल येतो आणि एकही ग्रंथनाम सापडत नाही.

शैली निवडताना प्रबंध पुढे कुठे वाचला जाणार हेही पाहायला हवे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९च्या नियमांनंतर प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देणे आले, आणि ती गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या 'शोधगंगा'वर जाते. तिथे प्रबंध प्रकरणवार वेगवेगळ्या फाइलींत ठेवलेला असतो. वाचक चौथे प्रकरण उघडतो आणि त्याला चौकोनी कंसात ४७ दिसते. ते काय आहे हे कळायला त्याला सूचीची फाइल वेगळी उघडावी लागते. कंसात आडनाव आणि वर्ष असेल तर निदान काहीतरी हाती लागते, तळटीप असेल तर सगळेच. क्रमांकांची शैली बंधनकारक असलेल्या विज्ञानशाखांत प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी त्याची स्वतंत्र सूची काढावी. बिबलाटेकमध्ये प्रकरण हा सूचीचा विभाग ठरवणारा एक पर्याय पुरतो, आणि अखेरची एकत्र सूचीही काढता येते.

आता विद्यापीठांनी करायचे काम. नियमावलीत चार नमुना नोंदी छापून भागत नाही, कारण त्या नमुन्यांत अनुवादित पुस्तक, संपादित खंडातला लेख, विश्वकोशातली नोंद, हस्तलिखित, मुलाखत यांचा समावेश नसतो. मराठी विभागाने आणि ग्रंथालयाने एकत्र बसून शैलीची एक सीएसएल फाइल आणि एक बिबलाटेक फाइल तयार करावी, विद्यापीठाच्या नावाने खुली ठेवावी, आणि तिच्यासोबत अवघड नोंदींचा एक नमुनासाठा द्यावा. त्यात त्र्यं. शं. शेजवलकर असावेत, क्षीरसागर आणि काळे असावेत, तिन्ही कोसंबी, द कुन्हा, एक मंडळ, पेशवे दफ्तराचा एक लेखांक, एक दिवाळी अंक, शके असलेले एक पुस्तक आणि दोन लेखकांचा एक इंग्रजी लेख. साधन किंवा शैली यांची नवी आवृत्ती आली की हा साठा छापून पाहायचा. तो बरोबर उतरला की ती आवृत्ती विद्यार्थ्यांना द्यायची. बिबलाटेक आणि बीबर यांच्या आवृत्त्या एकमेकांशी जुळलेल्या असाव्या लागतात, नाहीतर सूचीच उमटत नाही. म्हणून कोणत्या जोडीवर चाचणी घेतली तेही फाइलीत नोंदवावे.